बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या

सर्दी-खोकल्याचा पेशंट येतो, गोळ्या घेतो, जातो. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. पण पायाला चिखल्या झालेला माणूस कधीच थेट दवाखान्यात येत नाही! आधी तो स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे जातो, मग मोरीतल्या बाटल्यांकडे, मग शेजारणीकडे, मग मोबाइलकडे. सगळीकडून फिरून लंगडत लंगडत आमच्याकडे येतो, तेव्हा पायाबरोबर एक किस्सा घेऊनच येतो. काळाचौकीच्या या दवाखान्यात मला वीसेक वर्षं झाली. केसपेपर आम्ही कपाटात ठेवतो, किस्से माझ्या डोक्यात साठतात.

मी नर्सिंग शिकलेली नाही हं. ड्रेसिंग करायला आमच्या डॉक्टर मॅडमनीच शिकवलं. पण सगळे सिस्टर म्हणतात, मीही ओ देते. मॅडम तशा कशाला घाबरत नाहीत. फक्त एका गोष्टीला: शुगरवाल्याच्या ओल्या पायाला. शुगरचा पेशंट कान दुखतो म्हणून आला तरी मॅडम म्हणणार, "चपला काढा. बोटं उघडा." लोक हसतात. पहिल्या वर्षी मीपण हसायचे. आता नाही हसत.

* * *

तुकाराममामा पूर्वी गिरणीत होते, आता नातवंडांना शाळेत सोडतात. जुलैतल्या एका सकाळी आले ते टाचेवर चालत. डाव्या पायाची बोटं लालभडक, मधली साल सुटलेली. मी कापूस टेकवला तर मामांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"मामा, काय लावलंत?"

मामांनी पिशवी मागे सरकवली. मॅडम आल्या, त्यांनी तेच विचारलं. मग मामांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. लादी पुसायचं लिक्विड! पाणी न घालता, कापसाने, दिवसातून दोनदा, सलग चार दिवस!

"अहो मामा, हे लादीसाठी असतं!"

"बाटलयेर लिवलला आसा, सगळे जंतू मरतत."

"लादीवरचे!"

मामांनी शांतपणे दुसरा पाय स्टुलावर ठेवला. "माझी टाच बघलास? लादयेपेक्षा कडक आसा!"

मला हसू फुटत होतं, पण मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून आवरलं. त्यांनी मामांचं बोट टोचून शुगर बघायला घेतली. मशीनवर आकडा येईपर्यंत त्यांचा हात मामांच्या घोट्यावरच होता. आकडा नॉर्मल आला. मग मॅडम खुर्चीत मागे टेकल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

* * *

शिंदे परळच्या एका टॉवरवर वॉचमन. पायात बारा तास बूट, तेही पावसात भिजलेले. ड्युटी रात्रपाळीची, म्हणून दुपारी झोपायचे. एकदा संध्याकाळी पाचच्या सुमारास धावतच आले, बूट हातात, पाय उघडे.

"सिस्टर, चिखल्यांचं विष वर चढलं! बघा ना, वर चढलं!"

दोन्ही पायांची बोटं काळपट तांबडी. बेचकी तर जवळजवळ काळीच. शिंदेंच्या शेजारच्या खोलीतल्या माणसाचा पाय गेल्याच वर्षी गुडघ्याखाली कापला होता. हे शिंदेंनी मला तीन वेळा सांगितलं, उभ्या उभ्या, घामाने डबडबून.

मी स्पिरिटने पुसलं. रंग जाईना. परत पुसलं. शिंदे म्हणाले, "कापणार का? खरं सांगा. मुलगी दहावीला आहे."

मॅडम आतून आल्या, खाली बसल्या, पाय हातात घेतला. दाबून बघितला. गरम नाही, सूज नाही. मग चक्क नाकाजवळ नेऊन वास घेतला!

"घरी फोन लावा," म्हणाल्या. स्पीकरवर वहिनींचा आवाज आला, "हो, मीच लावली दुपारी मेंदी, हे झोपले होते तेव्हा. माझी आई लावायची, चिखल्या सुकतात त्याने. पुसून पण काढली नीट."

"अगं, मग सांगायचं तरी!" शिंदे ओरडले.

"सांगितलं असतं तर लावू दिली असतीत?"

मॅडमनी दोघांनाही समजावलं की मेंदीने जरा कोरडं वाटतं, पण आतली बुरशी मरत नाही. रोज सुके मोजे, बुटाचे दोन जोड आलटून पालटून, आणि ट्यूब महिनाभर, बरं वाटलं तरी. शिंदेंनी सगळं ऐकलं. पण त्यांचं लक्ष पायाकडेच. जाताना दारात थांबले.

"मॅडम, हे किती दिवसांनी जाईल? ड्युटीवर मोजे काढले तर लोक विचारतील, लग्न कुणाचं?"

* * *

आता ही गोष्ट आमच्या गल्लीतल्याच एका चाळीची. दुसऱ्या मजल्यावरची भारती आली, तेव्हा तिच्या बोटांतली बुरशी पावलावर पसरली होती. चट्टे गोल गोल, कडेला लाल.

"आधी ट्यूबने एकदम बरं झालं होतं हो मॅडम. तीन दिवसांत खाज गायब! जादूच!"

ट्यूबचं नाव ऐकून मॅडमनी कपाळावर हात मारला. त्या ट्यूबमध्ये खाज दाबणारं औषध असतं, म्हणून छान वाटतं. आणि खाली बुरशी आरामात पसरत असते.

"कोणी दिली?"

"सुर्वेकाकूंनी. त्यांना जोशीबाईंनी. सगळ्यांची एकच आहे, गॅलरीत कोनाड्यात ठेवतो. ज्याला लागेल तो घेतो."

मॅडम उठल्या. दुपारी दवाखाना बंद झाल्यावर मला घेऊन थेट चाळीत! त्या गॅलरीत बायका ओळीने पाय पुढे करून बसल्या, मी टॉर्च मारत होते, मॅडम बघत होत्या. पहिल्या घरी दोघांना. दुसऱ्या घरी तिघांना. पुढे मी मोजणं सोडलं. कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींना शुगर, आणि त्यांच्या बेचक्यातही पांढरं दिसलं, तेव्हा मॅडमनी त्यांचा हात धरला. "आजी, उद्या सकाळी पहिल्या नंबराला यायचं. पहिल्या!"

सगळ्यांना एकदम होतंय म्हणजे कुठून तरी येतंय. पाणी बघितलं, मोरी बघितली. शेवटी सार्वजनिक संडासाच्या दारात मॅडम थांबल्या. तिथे गोणपाट होतं. जाडजूड, ओलंगच्च. अख्खा मजला येता जाता त्याच्यावर पाय पुसायचा.

"हे कधीपासून आहे?"

भारती अभिमानाने म्हणाली, "चिखल्यांची साथ आली तेव्हापासून! म्हटलं, पाय कोरडे राहायला पाहिजेत ना!"

* * *

आमच्या घरचंच सांगते. माझा नवरा माझगावला वेल्डिंगच्या कामावर. दिवसभर सेफ्टी शूज. मी दवाखान्यात काय काय बघून येते, त्यामुळे घरी माझं सारखं चालू: पाय पुसलेस का, बोटांच्या मधून पुसलेस का, कालचेच मोजे का घातलेस. लग्नकार्यातसुद्धा मी लोकांच्या तोंडाआधी पाय बघते. हा रोग मलाच लागलाय, त्यावर ट्यूब नाही!

एका रविवारी मेडिकलवाल्याने मला हाक मारली. "वहिनी, साहेबांची पावडर आलीय, घेऊन जाता का? मागच्या वेळी डॉक्टरांनी लिहून दिलेली, तीच."

कुठल्या डॉक्टरांनी? चिठ्ठी बघितली तर लालबागच्या एका डॉक्टरांची! हा गृहस्थ दीड महिना माझ्यापासून लपून दुसऱ्या दवाखान्यात जात होता!

घरी येऊन मी पावडर समोर आपटली. "अरे, घरात सिस्टर असताना?"

तो खाली मान घालून म्हणाला, "घरात सिस्टर आहे म्हणूनच."

मी तिथेच त्याचे पाय बघितले. अगदी बरे झाले होते. याचा आनंद मानावा की राग, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

* * *

हिराआक्का मासळी विकते. पहाटेपासून पाय बर्फाच्या पाण्यात. आवाज असा की गिऱ्हाईक दोन गल्ल्या पलीकडून वळतं. ती आमच्याकडे बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला आली होती. शुगर जुनी. मॅडम नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "आक्का, बोटं उघडा."

"पाय कशाला बघतेस पोरी? चिखल्या आहेत, त्या दरसाल असतात. मीठ-तुरटीच्या गरम पाण्यात पाय ठेवते रोज. मस्त वाटतं."

मी तिची चप्पल काढली आणि वास आला. बोटांच्या खाली फोड फुटून ओले झालेले. एक बोट निळसर. मॅडमनी आपल्या पेनचं टोक तिच्या तळव्यावर हळू दाबलं. मग जरा जोरात. मग आणखी.

"आक्का, दुखतंय?"

आक्का छताकडे बघत होती. म्हणाली, "आधी तू काय करतेस ते तर सांग!"

मॅडमनी पेन खिशात ठेवलं. त्यांनी तिथूनच मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. आक्काबरोबर आलेली सून दारात रडायला लागली, "मीच पाणी ओतत होते हो. वाफा यायच्या. आक्का म्हणायच्या, गार आहे, अजून ओत."

"तुझी चूक नाही," मॅडम म्हणाल्या. "पायाला कळतच नव्हतं. यापुढे गरम पाण्यात पाय बुडवायचेच नाहीत. आणि आंघोळीच्या पाण्यात आधी तुझा हात घालायचा."

पुढचे कितीतरी दिवस फोन वाजला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. शेवटी निरोप आला: एक बोट गेलं, पाय वाचला.

गणपतीनंतर आक्का स्वतः आली. पायात नवी, मऊ तळाची बंद चप्पल. मी न सांगताच तिने चपला काढून दोन्ही पाय स्टुलावर ठेवले आणि उरलेल्या बोटांकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्या नऊ जणांना दम देऊन ठेवलाय. एक गेला ना, आता कोण हालू नका!"

* * *

परबकाका आणि मालूकाकू दर महिन्याला जोडीने यायचे. काकांना शुगर, गुडघे वाकत नाहीत, नजरही अधू. मॅडमनी काकूंना शिकवलं होतं: रोज आंघोळीनंतर काकांचा पाय मांडीवर घ्यायचा, मऊ पंच्याने एकेक बेचकं टिपायचं, टॉर्चने बघायचं. काकूंनी वर्षानुवर्षं हे केलं, एक दिवस न चुकता. मॅडम इतर पेशंटना सांगायच्या, पाय बघायचेत तर परबकाकांचे बघा.

मे महिन्यात काकू गेल्या. हार्टचं झालं, दोन दिवसांत आटोपलं.

आम्ही भेटून आलो तेव्हा मॅडम जिन्यातच म्हणाल्या, "आता यांचे पाय कोण बघणार?" मुलगी बडोद्याला. ती रोज सकाळी व्हिडिओ कॉल करायची, पण व्हिडिओवर बोटांच्या मधलं काय दिसणार! त्यात पावसाळा तोंडावर. जून गेला, काका आले नाहीत. जुलैत मी दोनदा फोन केला, उचलला नाही. मॅडम रोज विचारायच्या, "परब आले?" मी नाही म्हणायचे. मनात नको नको ते यायचं.

एका सोमवारी काका काठी टेकत आत आले आणि नमस्कार चमत्कार न करता म्हणाले, "मॅडम, उजव्या पायाची करंगळी बघा."

मी दोन्ही मोजे काढले. नऊ बोटं लख्ख, कोरडी. करंगळीच्या बेचक्यात तेवढं पांढरं, ओलसर, आणि त्यात केसाएवढी बारीक चीर. एक-दोन दिवसांचीच असेल. मॅडमनी सुस्कारा सोडला. "वेळेवर आलात काका. आठवडा गेला असता तर... पण तुम्हाला दिसलं कसं?"

"मला कुठे दिसतंय! सावंताने बघितलं."

आता सावंत म्हणजे काकांच्या समोरच्या खोलीतले. गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवरून दोघांचं भांडण झालेलं. काकू असताना मला कितीदा सांगायच्या, गणपतीत प्रसाद देतानासुद्धा दोघं एकमेकांकडे बघत नाहीत म्हणून.

"अरे वा," मी म्हटलं, "म्हणजे बोलायला लागलात!"

"छे! त्याच्याशी बोलतोय कोण?"

"मग?"

काकांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी गॅलरीत बसून पाय पुसत होतो. हात पोचत नव्हता. हा समोरून आला, खाली बसला, माझ्या हातातला पंचा ओढून घेतला. एकेक बोट पुसलं, टॉर्च मारून बघितलं, उठून गेला. तेव्हापासून रोज सकाळी येतो. मी एक शब्द बोलत नाही, तो एक शब्द बोलत नाही. बघून झालं, सगळं ठीक असलं की नुसता खोकतो आणि जातो."

मॅडमनी हळूच विचारलं, "आणि आज?"

काका आपल्या पायाकडे बघत राहिले.

"आज तो खोकला नाही. करंगळी धरून तसाच बसून राहिला."