मेहबूब मिस्त्रींचा शेअर

मेहबूब मिस्त्री गेल्याची बातमी मला वर्गात कळली. फळ्यावरचं गणित अर्धं सोडून निघालो, तोवर उमरग्याच्या तेलगिरणीतली माणसं त्यांच्या दारात जमलीही होती. आता दोन महिने होत आले, तरी माझा राग निवत नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं म्हणे. मिस्त्रींबद्दल गोडच लिहीन, बाकीच्यांचं सांगता येत नाही.

निजामाचं संस्थान विलीन झाल्यावर शेठने ही गिरणी घातली, तेव्हा मिस्त्रींना सोलापूरच्या एका मिलमधून बोलावणं होतं. शेठ म्हणाला, "थांबा. कंपनी लोकांसाठी खुली करू, तेव्हा पहिले शेअर आपल्या माणसांना." मिस्त्री थांबले, आणि त्यांच्या शब्दावर बाकीचे कामगारही थांबले. दुसऱ्या दिवशी चार-पाच जण तांब्ये घेऊन हजर... त्यांना वाटलं, शेरशेर तेल मिळणार. "शेर न्हाय बाबांनो, शेअर. गिरणीत आपला वाटा," हे मिस्त्री घसा कोरडा होईस्तोवर सांगत बसले.

पुढं शेठचं दरसाल तेच. औंदा नको, पुढच्या साली बघू. खुली केली की चार परके येऊन जाब विचारणार, ते त्याला नको होतं. कामगार मात्र मिस्त्रींनाच धरायचे. "तुमच्या जबानीवर ऱ्हायलो आमी," असं तोंडावर बोलायचे. हा भला माणूस खाली मान घालून यंत्र पुसत राहायचा.

रविवारी ते माझ्याकडे येत. मुंबईच्या पेपरातलं शेअरच्या भावांचं कोष्टक मी त्यांना वाचून दाखवी. एकदा म्हणाले, "मास्तर, पेपरवाल्याला अर्ज लिवा. आपल्या गिरणीचं नाव त्यात घाला म्हनावं. छापून आलं की शेठला खुली करावीच लागंल."

मी हसलो, तरी अर्ज लिहिला. उत्तर आलं: ज्यांचे शेअर बाजारात विकले जातात, त्याच कंपन्या कोष्टकात घेतो. मिस्त्रींनी ते पत्र दोनदा वाचायला लावलं. "म्हंजी किल्ली पुन्ना शेठकडंच," एवढंच बोलले. मी हसायला नको होतं.

ते गेले आणि महिन्याच्या आत कंपनी खुली झाली. कामगारांना शेअर मिळाले. मिस्त्रींच्या पत्नी शमीमभाभी, त्यांना सांगायला मी गेलो. त्या इद्दतीत, नवऱ्यामागच्या सुतकाच्या महिन्यांत होत्या, म्हणून पडद्याआडून बोलल्या. बाहेर दोरीवर मिस्त्रींचा निळा सदरा धुऊन वाळत घातलेला होता. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

"म्हंजी आता कुनी त्येंला झुटा म्हननार न्हाय. व्हय ना, मास्तर?"

"नाही म्हणणार."

"आन त्येंचा शेअर?"

मला नियम सांगावा लागला. कंपनी खुली झाली त्या दिवशी हजेरीपटावर नाव पाहिजे. नियम शेठनेच केलेला.



"मग बारा वर्सं रोज सकाळी ह्ये कुठं जात व्हते?"