मुनीरचा स्वतःचा आवाज

मुनीरच्या मुलीचा, रुखसानाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळत घातलेले सांडगे उचलत होते. ‘‘विजूफूफी, अब्बा गेले,’’ एवढंच ती म्हणाली. मूर्तिजापूरहून मिळेल त्या गाडीनं मी अकोल्याला पोचले, तोवर घर माणसांनी भरून गेलं होतं. संध्याकाळी कुणीतरी मोबाइलवर बातमी दाखवली. ‘चरित्र अभिनेते मुनीर बागवान यांचं निधन’. खाली त्याचा तो प्रसिद्ध प्रवेश लावला होता, कोर्टात साक्ष देणाऱ्या म्हाताऱ्या चौकीदाराचा. रुखसानानं दोन क्षण ऐकलं आणि डोळे पुसत म्हणाली, ‘‘आजच्या दिवशीबी बातमीवाल्याईनं अब्बाले दुसऱ्याचाच आवाज लावला, फूफी.’’

आज दीड महिन्यानं लिहायला बसले आहे ते या एका वाक्यामुळेच.

मुनीर आमच्या शेजारचा. त्याच्या वडिलांचा मूर्तिजापूरच्या बाजारात फळांचा धंदा. घरात उर्दू, दारात वऱ्हाडी. आम्ही दोघं अमरावतीला एकाच कॉलेजात होतो आणि एकाच नाटकात. मी पुढे शिक्षिका झाले, गावातच राहिले. तो मुंबईला गेला. सव्वीस वर्षांत त्यानं पोस्टमन केला, हवालदार केला, मुनीम केला, नायिकेचा गरीब बाप तर कितीदा केला. रजेवर घरी आला की लोक त्याला नट-नट्यांच्या भानगडी विचारायचे आणि हा मात्र ट्रॉलीचे रूळ कसे टाकतात, फिल्म कापून पुन्हा कशी जोडतात, हे सांगत बसायचा. आपला शॉट संपला की इतर नट खुर्चीत जाऊन बसत. हा ध्वनिमुद्रकाच्या टेबलाशी जाऊन उभा राही. पारकरकाका नावाचे एक वयस्कर ध्वनिमुद्रक होते, त्यांनी याला कानाला हेडफोन लावून शिकवलं. ‘‘विजू, त्याच्यातून ऐकलं ना, की समजते, माणूस बोलायच्या आधी श्वास घेते,’’ तो मला एकदा म्हणाला होता. असा चेहरा करून, जणू त्यानं चंद्रावर पाय ठेवला आहे.

आणि मग तो चौकीदार आला. मुनीरच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भूमिका. दिग्दर्शकानंच सांगितलं होतं, तुमच्या बोलीत बोला. यानं जीव ओतला. सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे अमरावतीच्या टॉकीजमध्ये गेलो, त्याची आई, भावंडं, मी आणि तो स्वतः. पडद्यावर मुनीरचे ओठ हलले आणि आवाज आला कुण्या भलत्याच माणसाचा. घोटीव, पुस्तकी. त्याची वऱ्हाडी कुणाला कळणार नाही म्हणून डबिंगच्या वेळी त्याला न विचारता काढून टाकली होती. अम्मीनं माझा हात धरला, ‘‘हे कोन बोलून राह्यलं वो? माहा मुनीर कुठी गेला?’’ लोक टाळ्या वाजवत होते... मुनीर पायांकडे बघत बसला होता.

त्यानं मुंबईशी भांडण केलं नाही. आणखी काही वर्षं काम केलं, पण प्रत्येक सेटवर आवाजाचं जे जे शिकता येईल ते शिकला. टेपवर चित्रण करणारे छोटे डिजिटल कॅमेरे बाजारात आले, तेव्हा त्याचं पत्र आलं. त्यात एकच ओळ मोठ्या अक्षरात होती: ‘आता सिनेमा पिशवीत घालून एस्टीनं आणता येते!’

ती आपल्याकडची फार वाईट वर्षं होती. कापसाच्या गावांमधून रोज एखाद्या शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी यायची आणि बातमीमागे कॅमेरे. मुनीर सुट्टीला आला असताना मूर्तिजापूरजवळच्या एका गावात, दुःख झालेल्या घरी आम्ही भेटायला गेलो होतो. एक चॅनेलवाले आधीच आले होते. अंगणात बसलेल्या बायकांमध्ये सुमनबाई होत्या, आमच्या बाजारात भाजी विकणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माळीणबाई. त्या घरातल्या बाईला त्या सावरून बसल्या होत्या. कॅमेरावाला पोरगेलासा माणूस अदबीनंच म्हणाला, ‘‘ताई, मघाशी आवाज नीट आला नाही. पुन्हा एकदा रडता का?’’

सुमनबाई उठल्या. ‘‘तुह्या घरी कोनी मेलं, तं तू दोनदा रडतं काय बे?’’

तो माणूस खाली मान घालून कॅमेरा आवरू लागला. परतताना मुनीरनं वळून एकदा त्या घराकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘‘इथं येनारा हरएक कॅमेरा आमाले रडाले सांगते. आमचं हसनं कोनी टेपवर घेतलंच नाई, विजू. मी घेतो. अन् त्या बाईले घेऊन घेतो.’’

मला वाटलं, बोलतोय रागात. तीन महिन्यांत तो सामान घेऊन कायमचा परतला. सिनेमाची गोष्ट साधी होती: सत्तरीची एक आजी सायकल शिकायचा हट्ट धरते, गावात दोन तट पडतात, आणि तिला शिकवतो एक खडूस सायकल-दुरुस्तीवाला. आजी सुमनबाई, दुरुस्तीवाला मुनीर. बाकी सगळे बाजारातले आणि माझ्या शाळेतले. एकही वाक्य नंतर स्टुडिओत बोलायचं नाही, जागेवर बोलाल तेच पडद्यावर, हा त्याचा नियम. माईक धरायचं काम माझ्याकडे आलं, कारण ‘‘तू पंचवीस वर्षं फळ्यावर लिहिलं, तुहा हात वर राहते’’. बांबूला माईक बांधून मी भर उन्हात उभी राहायची, चष्मा घामानं घसरायचा, आणि हेडफोन लावलेला मुनीर ओरडायचा, ‘‘विजू, बांगड्या!’’ दुसऱ्या दिवसापासून मी बांगड्या काढून ठेवल्या.

पहिल्या आठ दिवसांचं सगळं काम वाया गेलं. टेप लावून ऐकलं, तर हेडफोनात किरकोळ वाटलेल्या वाऱ्याचा नुसता फरफराट. माणसं कुठं, शब्द कुठं. टेप बघून मुंबईच्या मित्रांनी फोनवर सांगितलं, चित्र उत्तम आहे, आवाज इथे भरून घेऊ, चांगले कलाकार देतो. आम्ही सगळे थकलो होतो. मीसुद्धा म्हणाले, ‘‘दे रे बाबा त्यांच्याकडे.’’ मुनीरनं माझ्याकडे पाहिलं. ‘‘अन् सुमनबाईच्या मायले कोन सांगीन, की हे कोन बोलून राह्यलं?’’

मी घरी जाऊन घोंगडीचा तुकडा कापला आणि माईकला टोपडं शिवलं. सुमनबाईंनी आठही दिवसांचं काम पुन्हा केलं, पहाटे, वारा पडलेला असताना, भाजीची पाटी उतरवायच्या आधी. सायकलवरून खरंखुरं पडण्याचा प्रवेश त्यांनी तीनदा केला, आणि तिसऱ्यांदा गुडघा झाडत स्वतःच हसू लागल्या. ते हसू कुणी लिहिलेलं नव्हतं. मुनीरनं ‘कट’ म्हटलंच नाही.

अकोल्यातल्या एका जुन्या टॉकीजनं सकाळचे खेळ दिले. पहिल्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. चौथ्या दिवशी पातूरहून जीप भरून बायका आल्या, धारणीहून एक मास्तर शाळेची सहल घेऊन आले, आणि दुसऱ्या आठवड्यात पुढच्या खेळासाठी थांबलेल्यांना मॅनेजरनं बाहेर सतरंज्या अंथरल्या. ज्या घरी आम्ही त्या दिवशी भेटायला गेलो होतो, तिथली बाईसुद्धा सुमनबाईंबरोबर आली होती. सायकल पडली आणि ती तोंडाला पदर लावून हसली. मग तिनं पदर काढला. मी पडद्याकडे बघतच नव्हते... मी तिच्याकडे बघत होते.

वर्षभरानं मुंबईत एका महोत्सवात तो सिनेमा दाखवला. मुनीरची अम्मी चाकाच्या खुर्चीत, पहिल्या रांगेत. सायकलवाला पहिलं वाक्य बोलला आणि ती अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘‘हाव, हा माहा हाये!’’ खेळ संपल्यावर पारकरकाका काठी टेकत पुढे आले. ‘‘काय स्वच्छ आवाज आहे. कुठल्या स्टुडिओत केलास?’’

‘‘मूर्तिजापूरच्या बाजारात,’’ मुनीर म्हणाला, आणि माझ्याकडे बोट दाखवलं, ‘‘अन् ह्या आमच्या ध्वनिमुद्रक.’’ काकांनी मला नमस्कार केला. गावच्या मास्तरणीला याहून मोठा सत्कार नको.

त्यानंतर तो अकोल्याला राहायला गेला, आणि शेवटपर्यंत त्याचं राज्य तिथल्या घरातल्या मागच्या खोलीत होतं. भिंतींवर गोधड्या टांगून त्यानं ती ध्वनिमुद्रणाची खोली केली होती. कुणीही यावं, आपल्या बोलीत बोलावं. शेवटचं वर्ष श्वास पुरत नव्हता, तरी कान पक्के.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर दुसऱ्या दिवशी मी निघायच्या तयारीत होते, तर धारणीकडची एक कोरकू आजी नातीसोबत दारात. मुनीरनं तिला गोष्टी सांगायला बोलावलं होतं. तो गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. इतक्या लांबून बस बदलत आलेली. रुखसानानं तिला पाणी दिलं, सांगितलं, आणि थोडं थांबून विचारलं, ‘‘तरी सांगाल का गोष्ट?’’ नातीनं आजीला तिच्या भाषेत विचारलं. आजीनं मान डोलावली.

रुखसाना बापाच्या टेबलाशी बसली, हेडफोन चढवला. मला माईक दिला. मुनीरची एक सवय होती: बोलणं सुरू करण्याआधी मिनिटभर सगळ्यांना गप्प बसवायचं आणि नुसत्या खोलीचा आवाज टेपवर घ्यायचा. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो आणि दोन खोल्यांचा कधी सारखा नसतो, म्हणायचा. रुखसानानं हात वर केला. आम्ही चौघी गप्प झालो. पंखा बंद, दार लावलेलं, गोधड्यांचा मंद वास... मिनिट संपलं तरी तिचा हात खाली येईना. मग तिनं डोळे पुसले, आजीकडे पाहिलं आणि हसून म्हणाली,

‘‘हं, बोला आजी. तुमच्याच आवाजात.’’