चोवीस आरे, चार सेल

मॅट्रिक पास झालेली आमच्या वस्तीतली मी पहिली पोर, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला येतं असा माझा समज होता. राळेगावजवळच्या आमच्या गावात वस्तीनं धर्म बदलल्याला चार वर्षं झाली होती. त्या वैशाखात बुद्धजयंतीच्या मिरवणुकीत बैलगाडीवर फिरतं धम्मचक्र लावते, असं मी सगळ्यांसमोर कबूल करून बसले.

मोटर मिळाली मामेभावाच्या मोडक्या खेळण्यातल्या गाडीतून. बांबूच्या कामट्यांचं चाक, त्याला पुठ्ठ्याचे चोवीस आरे, आणि मोटरपासून चाकापर्यंत दोऱ्याचा पट्टा. सेल घरोघरच्या टॉर्चमधून मागून आणले. आत्यानं ते सांडग्यांसारखे पत्र्यावर उन्हात पसरले. उन्हात तापला की मेलेला सेलही थोडा उठून बसतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

एक सेल म्हणजे दीड व्होल्ट, एवढं माझं ज्ञान. बांबूच्या नळीत दोन घातले. मोटर गुणगुणली, चाक ढिम्म. चार घातले, म्हणजे सहा व्होल्ट, तरी ढिम्म. मी रडकुंडीला आले. मग दिसलं, चारातला एक उलटा बसला होता. असा सेल स्वतःचे दीड तर देत नाहीच, वर शेजाऱ्याचेही दीड खातो, असं मी आत्याला समजावलं.

"असे दोघं-तिघं आपल्या वस्तीतबी हायेत," आत्या म्हणाली.

तो सरळ केला आणि चाक ऐटीत फिरू लागलं, डावीकडून उजवीकडे, प्रदक्षिणेसारखं. मी आत्याला धरून अंगणात गिरक्या घेतल्या.

दिवेलागणीला मिरवणूक निघाली तेव्हा वेशीपाशी अख्खं गाव उभं होतं. चाकामागे बसून मी तार जोडली. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या.

"हे उलटं काहून फिरून राह्यलं वं पोरी?" गाडीपुढून आत्यानं दबक्या आवाजात विचारलं.

आमचं धर्म बदलणं कधीच न रुचलेले गावातले एक काका हातातला टॉर्च चाकावर मारत हसून म्हणाले, "चाला, चाक तरी माघारी आलं. आता तुमीबी या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडाभर मी चाक मागूनच पाहत होते. मागून सरळ ते पुढून उलटं, एवढं मॅट्रिकवालीला सुचलं नव्हतं. आत्याचा चेहरा पार उतरला. घरातले जुने देव तिनं स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते, आणि आता तिलाच चारचौघांत कुणी माघारी बोलावत होतं.

मी सेल पदरात ओतले, चारही उलट्या तोंडानं परत भरले. दोन तारांची नुसती अदलाबदल पुरली असती, हे घरी गेल्यावर सुचलं. चाक थरथरलं आणि सरळ फिरू लागलं.

आत्या थेट काकांपुढे जाऊन उभी राहिली. "भाऊ, तुमच्या टॉर्चातले दोन सेल द्या बरं. चाक हळू जाऊन राह्यलं."

सगळ्या गावासमोर त्यांना नाही म्हणता येईना.

सहा सेल, नऊ व्होल्ट. चाक पिसाळलं. आरे सुटून उडू लागले, एक तर काकांच्या टोपीवरच जाऊन बसला. तेही हसले, गाडीवाल्याच्या हातून कासरा सुटला, मला हसून हसून उचकी लागली. चोवीसातले सात आरे रस्त्यात सांडले, मोटरीला जळका वास यायला लागला, पण चाक शेवटपर्यंत सरळच फिरलं, आणि बैलांच्या पुढे आत्या नाचत होती.