मी न बोललेलं वाक्य

खरं सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर चुका काढायलाच वाचत आले. बंद खोलीत आवाज आला असं कुणी लिहिलं की माझा पहिला प्रश्न... खिडकी नीट लावली होती का? संकेत, भास, अतींद्रिय वगैरे गोष्टींशी माझं कधीच जमलं नाही. पण दोन वर्षांपूर्वी जे घडलं ते कोर्टाच्या अधिकृत नोंदीत छापलेलं आहे, आणि तेही माझ्याच तोंडचं. त्यामुळे नाकारायची सोय राहिली नाही.

मी मूळची सांगलीची, गेली सत्तावीस वर्षं व्हर्जिनियात, हर्नडनला. मुलं कॉलेजला गेल्यावर कोर्टात मराठी दुभाषी म्हणून काम करू लागले. मराठीसाठी दुभाषी लागतो तरी कधी, असं सगळे विचारतात. वर्षातून चार-पाच वेळा लागतो. आयटीवाल्यांना नाही लागत. भावाच्या किंवा मुलाच्या मागे पन्नाशीत इथे आलेल्या माणसांना लागतो.

सुधाकरराव असेच. (नाव बदललंय. केस संपली आहे, त्यांची परवानगी घेतली आहे, आणि वकिलाशी त्यांचं खासगीत झालेलं बोलणं मी इथे लिहीत नाही.) यवतमाळकडचे, चोपन्न वर्षांचे, ग्रीन कार्डावर आलेले. नर्सिंग होम्सना औषधं पुरवणाऱ्या एका फार्मसीच्या स्टॉकरूममध्ये कामाला होते. तिथून कडक पेनकिलर गोळ्या खोट्या ऑर्डरी टाकून बाहेर गेल्या, आणि त्या ऑर्डरी सुधाकररावांच्या लॉगिनवरून पडल्या होत्या. केस फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टातली, झाली.

फेडरल कोर्टात आधी मॅजिस्ट्रेट जजसमोर उभं करतात, जामिनाचं ठरतं, मग नागरिकांची ग्रँड ज्युरी आरोप निश्चित करते. यांना जामीन मिळाला, पायाला ट्रॅकर लावून. इथपासून दुभाषी मीच होते. सिनेमात दाखवतात तशी ज्युरीची ट्रायल फार थोड्या केसेसची होते. बाकीचे आरोपी सरकारशी करार करून गुन्हा कबूल करतात, म्हणजे शिक्षा कमी होण्याची आशा असते. लॉगिन त्यांचंच असल्यानं सुधाकररावांनीही करारावर सही केली होती. ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी सकाळी दहाला कबुलीची सुनावणी होती. ती झाली असती तर आधी तुरुंग आणि नंतर बहुतेक थेट भारतात रवानगी.

कोर्टरूम तिसऱ्या मजल्यावर, बिनखिडक्यांची. मी आरोपीच्या टेबलाशी, त्यांच्या थोडी मागे. माझ्या तोंडाजवळ छोटा माइक, त्यांच्या कानाला हेडफोन. जज बोलतात त्याच वेळी मी हलक्या आवाजात मराठीत सांगत जायचं. त्यांच्या बायकोला, वंदनाताईंनाही, जजच्या परवानगीनं मागच्या बाकावर एक हेडफोन दिला होता. दोन्ही एकाच माइकला जोडलेले.

आमच्या कामात नियम एकच... पदरचं घालायचं नाही, ऐकलेलं गाळायचं नाही. तशी शपथ घ्यावी लागते. आरोपीशी बाजूला बोलायचंही नाही. सुधाकरराव मला ताई म्हणायचे, मी नुसती मान हलवायची.

जजनी नेहमीचे प्रश्न विचारले. शिक्षण किती, कुठलं औषध घेतलंय का, कुणी दबाव आणलाय का, ट्रायलचा हक्क सोडताय हे कळतंय का. सुधाकरराव खाली बघून हो हो करत होते. मग सरकारी वकिलानं काय घडलं ते वाचलं. खोट्या ऑर्डरींच्या तीन तारखा होत्या. फक्त तारखा, वेळा नव्हत्या. यातली एक मार्चमधल्या शुक्रवारची.

वाचून झाल्यावर जज कागद चाळू लागले. माझा घसा सकाळपासून बसला होता, म्हणून मी माइक म्यूट केला आणि खडीसाखर तोंडात टाकली. म्यूटचा लाल दिवा मी पाहिला होता, कारण मी तो नेहमीच बघते.

तेवढ्यात सुधाकररावांनी मान वर केली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. एखाद्यानं मागून हाक मारल्यावर बघावं तसं.

जजनी विचारलं, तुमचं म्हणणं काय, दोषी की निर्दोष? मी माइक चालू करून ते मराठीत सांगितलं. ते कानावरचा हेडफोन चाचपत राहिले. जजनी पुन्हा विचारलं. तेव्हा ते माझ्याकडे बघूनच म्हणाले, "ताई, तो शुक्रवार दाताचा होता का?"

मला त्यांना उत्तर देता येत नाही. ते जे बोलले ते इंग्रजीत सांगणं एवढंच माझं काम. मी सांगितलं. जज गोंधळले, काय म्हणायचंय ते विचारलं.

"तुम्हीच त म्हणल्या ना, ताई, आत्ता. की त्या शुक्रवारी सव्वादहाला तू दाताच्या डॉक्टरकडे होतास."

पण शपथ घेतलेली... मी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत म्हटलं. माझ्याविरुद्धचा आरोप मीच, त्यांच्या वतीनं, भर कोर्टात बोलले. मग दुभाषी म्हणून स्वतःबद्दल बोलण्याची परवानगी मागितली. जजनी थेट विचारलं, तुम्ही असं काही म्हणालात का? मी म्हटलं, नाही.

सुनावणी तिथेच थांबली. कबुली घेतली गेली नाही. टेक्निशियन आला, दोन्ही हेडफोन आणि माइक तपासले, सगळं ठीक होतं. ही यंत्रणा इन्फ्रारेडवर चालते, भिंतीपलीकडचं काही त्यात येत नाही, असं तो म्हणाला. वंदनाताईंना विचारलं. त्यांचा हेडफोन कानालाच होता आणि त्या वेळी त्यांना काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं.

सरकारी वकील मात्र माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता, ती नजर मी विसरणार नाही. या कुटुंबाला आधीपासून ओळखता का? मराठी मंडळात भेटता का? मी खरं तेच सांगितलं... एका गणपतीच्या कार्यक्रमात वंदनाताईंना लांबून पाहिलं असेल, बोलणं कधीच नाही. मला केसवरून काढलं. कोर्टाच्या जागी मीही तेच केलं असतं.

घरी येऊन मी सुधाकररावांवर चिडले. माझी खात्री होती की या माणसानं आयत्या वेळी कच खाल्ली आणि माझ्या नावावर खपवलं. मग वाटलं, वंदनाताईंनी पढवलं असेल. मग त्यांच्या वकीलबाईंवरही संशय घेऊन झाला. माझा नवरा श्रीकांत म्हणाला, अगं, त्यांच्या डोक्यात ते आधीच असणार, टेन्शनमध्ये तुझ्या आवाजात ऐकू आलं असेल. मला ते पटलं. दोन आठवडे पटलेलं होतं.

पुढचं मला नंतर कळलं. वकीलबाईंनी जवळच्या स्टर्लिंग गावातल्या डेंटिस्टकडून रेकॉर्ड मागवलं. त्या शुक्रवारी दहा ते पावणेअकरा सुधाकरराव तिथल्या खुर्चीत पूर्ण गुंगीत होते. फार्मसीत त्यांनी सुपरवायझरला तोंडी सांगून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती, पण सुपरवायझरनं त्यांची हजेरी लावून ठेवली होती. सुधाकररावांच्या लक्षात दाढ काढल्याचं होतं, तारीख नव्हती. अटक झाल्यापासून ते सगळ्यांना सांगत होते की मी तर रोज कामावरच असतो.

मग वकीलबाईंनी कोर्टामार्फत फार्मसीच्या कंप्युटरची मूळ नोंद मागवली. तोवर ती कुणी काढलीच नव्हती, सरकारी वकिलांनीसुद्धा नाही. त्या शुक्रवारची ऑर्डर पडली होती दहा वाजून सोळा मिनिटांनी.

आता संशय दुप्पट झाला, माझ्यावरचा. केसचा तपास करणारे दोन अधिकारी घरी आले. अत्यंत सभ्य. किचन टेबलाशी बसले, श्रीकांतनं केलेला चहा घेतला आणि तास-दीड तास एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारत राहिले... सव्वादहा ही वेळ तुम्हाला कुठून कळली? मी म्हणत राहिले, मला कळलीच नव्हती, मी फक्त भाषांतर केलं. त्यातल्या बाई म्हणाल्या, "तुमच्या जागी मी असते तर मीही असंच म्हटलं असतं." मी माझा फोन, ईमेल, सगळं उघडून दिलं. त्यांना काही मिळालं नाही. पण मिळालं नाही म्हणजे काही नव्हतंच, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. जवळजवळ वर्षभर कोर्टानं मला बोलावलं नाही. मंडळात कुजबुज झाली. माझी मुलगी फोनवर एकदा अगदी हळू म्हणाली, "मॉम, डिड यू टेल हिम समथिंग?" ते सगळ्यात लागलं.

एक ऑर्डर त्यांनी टाकलेली नव्हती हे ठरल्यावर सरकारनं बाकीच्याही तपासल्या. तिन्ही सुपरवायझरच्या कंप्युटरवरून पडल्या होत्या, सुधाकररावांचा पासवर्ड वापरून. सरकारनंच केस मागे घेण्याचा अर्ज केला आणि जजनी सही केली. सुधाकररावांच्या पायातला ट्रॅकर निघाला.

त्यानंतर महिन्याभरानं ते आणि वंदनाताई पेढे घेऊन आमच्याकडे आले. आता बोलायला बंदी नव्हती. मी पेढा हातातच ठेवला आणि म्हटलं, सुधाकरराव, एकदाच खरं सांगा, ते तुम्हाला आधीपासून आठवत होतं ना?

त्यांनी नाही म्हटलं. मग मी म्हटलं, तुम्ही जे ऐकलंत ते शब्दन् शब्द सांगा.

त्यांनी डोळे मिटले आणि शाळेत पाठांतर म्हणावं तसं म्हटलं, "त्या शुक्रवारी सव्वादहाला तू दाताच्या डॉक्टरकडे होतास. अक्कलदाढ काढली होतीस. हो म्हणू नकोस."

वाचणाऱ्यांपैकी विदर्भातले असतील त्यांना लगेच कळेल. सुधाकरराव असं बोलत नाहीत. त्यांचं मराठी "तू होता, तू काढली होती" असं जातं. तो शेवटचा "स" आमच्याकडचा, सांगलीचा. मी त्यांना चहा घेता घेता बरंच बोलतं केलं, मुद्दाम. तासाभरात तो "स" एकदाही आला नाही. आणि मी त्यांना, कोर्टात काय किंवा घरी काय, "तू" कधीच म्हटलेलं नाही.

श्रीकांतचं म्हणणं कायम आहे. महिनोन्‌महिने तुझं मराठी त्यांच्या कानात होतं, ते डोक्यात बसलं असेल. बसलं असेल. दाढही कुठेतरी आठवत असेल. पण ती वेळ? डेंटिस्टकडची वेळ वंदनाताईंनी घेतली होती (तारीख त्याही विसरल्या होत्या), आणि ती होती दहाची. सव्वादहा हा आकडा त्या मंगळवारी त्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हता. ज्याला माहीत होता तो सुपरवायझर त्या वेळी फार्मसीत कामावर होता.

नोंदीची प्रत मी मागवून घेतली. त्या पानावर आरोपीच्या नावापुढे माझं इंग्रजी आहे, स्वच्छ, एकही शब्द न अडखळता. मराठी कुठेच नोंदलेलं नसतं. कोर्टाच्या दृष्टीनं ते बोललंच जात नाही. तुमच्यापैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा. मी चुका काढीन, पण वाचीन. आणि खरं सांगू... मी स्वतः उत्तर शोधायचं सोडून दिलंय. कारण एक माणूस त्या दिवशी "हो" म्हणणार होता, आणि शपथेला जागून मी ते "हो" अगदी अचूक इंग्रजीत सांगितलं असतं.