काशीची वर झालेली मान

काल सुनेने माझ्या गुडघ्यासाठी तेलात हळद गरम केली, आणि त्या वासाने इस्लामपूरजवळच्या मळ्यातला आमचा गोठा आठवला.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष होतं. दिवाळी झाल्यावर आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आलेल्या म्हाताऱ्या धनगराने पाय मोडलेलं कोकरू आईच्या ओटीत ठेवलं. "आक्का, ह्येला चालवंना. जगलं तर तुमचं."

आईने हळदीचा लेप लावून पायाला कामट्या बांधल्या, बोटाने शेळीचं दूध पाजलं. त्या कोकराचं नाव ठेवलं काशी. आई भांडी घासायला बसली की काशी तिच्या पाठीला अंग घासत उभी राहायची.

उन्हाळा सरताना तोच कळप आमच्या मळ्यावरून परत निघाला. म्हाताऱ्याने मेंढरांना साद घातली. अंगणातल्या काशीने कान टवकारले आणि लंगडत धावत ती कळपात शिरली.

म्हातारा ओशाळला. "आक्का, धरून देतो. तुमचीच हाय ती."

आईने हाक मारली, "काशेऽ!" त्या गर्दीतून एक मान वर झाली, आमच्याकडे बघत राहिली, मग खाली गेली.

"ऱ्हाऊ द्या, बाबा," आई म्हणाली. "तिला तिची मेंढरं मिळाली."

मी रडत होते. काशी मला लय कृतघ्न वाटली. आई मात्र कळप ओढ्यापार जाईपर्यंत उभी राहिली, डोळ्यांना पदर लावून हसली. "वळखलं बघ तिनं मला."

कितीतरी वर्षं मला काशीचं जाणंच आठवायचं. हल्ली तिची वर झालेली मान आठवते.