पत्र्यावरची स्टेपनी

माझ्या मेव्हण्याच्या मुलाचं नाव माझ्या बायकोने ठेवलेलं नाही, आणि त्याला एक टायर जबाबदार आहे असं मी सगळ्यांना सांगतो. कोणी विश्वास ठेवत नाही.

त्याचं असं की, बारशाला बाळाचं नाव आत्या ठेवते. सुनंदा ही त्या बाळाची एकुलती एक सख्खी आत्या. लग्नानंतर आठ वर्षांनी तिच्या भावाच्या घरात पाळणा हलला होता. तिने दोन महिने खपून एक नाव शोधलं होतं आणि ते कोणालाच सांगितलं नव्हतं, मलासुद्धा नाही. सांगायचं ते थेट बाळाच्या कानात! धास्ती एकच होती, तिची चुलत बहीण शालन. ही बाई नात्यातल्या प्रत्येक बारशाला एक जादा नाव तयार ठेवून पाळण्याला खेटून बसते.

बारसं होतं अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या गावी, दुपारी दोनला. आम्ही सुप्याहून सकाळी सातला निघालो. मी, सुनंदा, माझी आई, आईने बाळासाठी शिवलेली गोधडी आणि माझी जुनी फोर-व्हील जीप. ही जीप मी दिवाळीत घेतली (घरात न विचारता, पण तो तमाशा वेगळा) आणि तेव्हापासून रोज जेवताना मोबाईलवर डोंगरदऱ्यांतून गाड्या हाकणाऱ्यांचे व्हिडिओ बघतो. टायर बाजूने फाटला तर तो जागेवरच कसा शिवायचा, हे त्यांत फार सुंदर दाखवतात. मी तर शिवायचं सामानही मागवलं होतं. दाभण, नायलॉनचा दोरा, सोल्युशन, रबरी ठिगळं! फक्त टायर फाटायचा बाकी होता.

फाट्यावर सुनंदा म्हणाली, "अहो, डांबरी रस्त्यानं घ्या."

"बारा किलोमीटरचा वळसा? ओढ्यातनं सरळ चार किलोमीटर आहे."

"त्या ओढ्यातनं आमच्या गावच्या म्हशीसुद्धा जात नाहीत."

"म्हशींना फोर-व्हील नसतं," मी म्हणालो.

"चार पाय असत्यात की त्यास्नी," मागून आई म्हणाली.

मी जीप ओढ्यात घातली. दोन किलोमीटर झाले आणि एका दगडाने मागचा टायर बाजूने चांगला चार बोटं फाडला. आतल्या ट्यूबसकट! साडेबारा वाजले होते. खोटं कशाला बोलू, मला जरा आनंदच झाला. तरी मोठ्या मनाने म्हणालो, "घाबरू नका. आत्ता स्टेपनी लावू. फाटलेला घरी निवांत शिवीन."

मागचं दार उघडलं. स्टेपनी नव्हती.

"आई, इथलं चाक कुठंय?"

"ते व्हय? पत्र्यावर हाय."

"कुठल्या पत्र्यावर?"

"आपल्या न्हाणीच्या. वारं सुटलं की पत्रा लई आदळायचा. शेजारच्या रामभाऊंकडनं चाक वर ठेवून घेतलं." (सुप्याचं वारं म्हणजे पवनचक्क्या फिरवणारं वारं. त्याच्यापुढे न्हाणीचा पत्रा तो काय!)

"अगं, पण मला विचारायचं तरी!"

"इचारलं की! तू जेवत हुतास. म्हनलं, दत्ता, हे मागचं चाक लागतंय का रं? तू म्हनलास, न्हाई, ने."

"मी असं कधीच म्हणालो नाही!"

"मी समोर बसले होते," सुनंदा शांतपणे म्हणाली. "तुम्ही टायर शिवायचा व्हिडिओ बघत होतात."

मग तिने पैठणीचा पदर खोचला. "दोनच किलोमीटर आहे. मी चालत जाते."

"जीप असताना चालत? तुझ्या माहेरचे मला काय म्हणतील! फक्त अर्धा तास दे. व्हिडिओत अकरा मिनिटांत होतं."

ती बिचारी माझ्यावर विश्वास ठेवून दगडावर बसली.

चाक काढलं. पण चाकावरून टायर कसा उतरवायचा, हे व्हिडिओत नव्हतं. तिथे तो आधीच उतरलेला असतो! मी टायरवर उड्या मारल्या, पहार लावली, देवाचं नाव घेतलं. तासाभराने तो उतरला तेव्हा माझ्यात जीव नव्हता. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारबाबा आले आणि सावली धरून बसले.

"पाव्हनं, काय करताय?"

"टायर शिवतोय, बाबा."

"शिवलेली चप्पल चालती. टायर न्हाई चालत," असं म्हणून त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

दाभण रबरात जाईना. रबरावरून निसटला की माझ्या अंगठ्यात मात्र सहज जाई! तिसऱ्यांदा मी ओरडलो, तेव्हा आई उठली.

"सर बाजूला. काय फुलं काढतुयास का त्याच्यावर?"

तिने मांडी घातली, टायर मांडीवर ओढला आणि गोधडीला घालतात तसे सरळ टाके घातले. मी ट्यूबला ठिगळ लावलं, पायाखालचं रबरी मॅट कापून टाक्यांच्या आतून अस्तर दिलं आणि पंपाने हवा भरली. हवा टिकली! मी आनंदाने ओरडणार, इतक्यात सुनंदाचा फोन वाजला. तिचा भाऊ होता.

"ताई, कुठं आहेस? सव्वादोन झाले. पाहुण्यांची परतीची गाडी तीनला आहे. शालनताई म्हणतेय की..."

रेंज गेली. सुनंदा उठली, चपला हातात घेतल्या आणि चालू लागली.

"अगं बस, झालंच आहे!"

तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

चाक चढवून आम्ही निघालो. टाके उसवतील म्हणून बैलगाडीच्या चालीने. समोर लांबवर सुनंदाची पैठणी दिसत होती आणि ती शेवटपर्यंत तेवढीच लांब राहिली! मध्येच बाबांच्या शेळ्या आम्हाला मागे टाकून गेल्या.

सुनंदा अंगणात पोचली, तेव्हा आतून 'कुर्रर्र' ऐकू आलं. शालनने नाव ठेवलं होतं.

सुनंदाने बाळाच्या गालावरून हात फिरवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पुऱ्या लाटायला बसली. तिने मला चार लोकांत शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. तिचा उतरलेला चेहरा बघून मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. बाहेर गावकरी आईचे टाके बघायला जमले होते. तिला तीन गोधड्यांची ऑर्डर मिळाली.

त्यानंतर महिनाभर मी सुनंदाच्या विनवण्या केल्या. तुझं नाव वाया गेलं, माझ्यामुळे गेलं, पण निदान मला तरी सांग! ती नुसती मान हलवायची.

आज आईपाशी हेच रडगाणं गायलो.

"आरं, काल जेवताना सांगितलं की तिनं तुला," आई म्हणाली. "तू 'हं' म्हनलास."

"काय नाव सांगितलं?"

"ते मला कशाला इचारतूस? मी ताक आनायला आत गेल्ते."

सुनंदाला पुन्हा विचारायची छाती नाही. काल जेवताना मी व्हिडिओ बघत होतो. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून काय करावं, याचा.