मोहाखालचा खराटा

माझा राग नाकावर, आणि मायचा तर माझ्याहून वरचढ. त्यात वनरक्षक म्हणून माझी नेमणूक झाली ती नेमकी आमच्याच गावच्या रानात. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन बरीच वर्षं लोटली होती आणि ऐन, बिजा, धावड्याचं हे जुनं रान आता अभयारण्य झालं होतं. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "यंदा आग लागली, तर रानाच्या कडेचं मोहफूल वेचणंही बंद."

आणि आग लावण्यात गावात माझी मायच पुढं! वाळल्या पाल्यात फूल दिसत नाही, म्हणून मोहाखाली काडी लावायची आणि जमीन मोकळी झाली की पहाटे फुलं वेचायची. आजीनं तेच केलं, मायनंही तेच.

"यंदा काडी नाही लावायची," मी म्हटलं.

"वा व सायबीन! मंग फुलं का तुही टोपी पाहून टोपल्यात येतीन?"

माझं डोकंच फिरलं. ड्युटीआधी रोज खराटा घेऊन तिच्या मोहाखालचा पाला मी एकटीनं झाडू लागले. तळहाताला फोड आले. माय बांधावर बसून हसायची. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं खराटा हिसकावला.

"सरक तिकडं. खराटा धरता येत नाई अन् चालली रान वाचवाले!"

माय झाडते म्हटल्यावर बाकीच्या बाया कशाला मागं राहतात? त्या उन्हाळ्यात आमच्याकडं एकदाही आग लागली नाही. फुलं टोपल्या भरभरून आली, तीही राख न लागलेली. साहेबांनी वेचणं चालू ठेवलं, तेव्हा मी ऑफिसातून नाचतच बाहेर आले.

पुढच्या चैत्रात झाडता झाडता मायनं मला मोहाखाली बोलावलं. गेल्या पावसात उगवलेली मोहाची वीतभर रोपं तिथं उभी होती, तांबूस कोवळ्या पानांची. अशी रोपं दर पावसाळ्यात उगवायची आणि उन्हाळ्यात आमच्याच आगीत जळायची. माय त्यांच्याजवळ खाली बसली.

"चाळीस वर्सं मीनंच जाळलं व याईले," म्हणाली आणि रडली. मलाही रडू फुटलं.

तेवढ्यात पायवाटेनं शेजारचे काका बिडी ओढत आले. माय डोळे न पुसताच ताडकन उठली.

"भाऊजी, विझवा ते बिडी आधी! लेकरं आहेत इथं."

काकांनी चहूकडं पाहिलं. लेकरू काही दिसेना, पण मायच्या हातातला खराटा दिसला. त्यांनी मुकाट्यानं बिडी विझवली.